देवाला पाच दिवसांची मुदत

सोलापुरात ख्रिस्ती म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रॉटेस्टंट मंडळी येतात, आणि त्यात वावगे काही नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम या शहरात एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे आणि त्यांच्या मानाने आम्ही कॅथलिक येथे मूठभर आहोत. त्यांचे आणि आमचे बायबल एकच, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो खरे, पण त्यांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत आणि आमच्यात ७३. आमच्या जुन्या करारात जी सात पुस्तके जास्तीची आहेत, त्यांतल्या एकात युदिथ नावाच्या विधवेची कथा येते. आमच्या शेजारच्या काकूंना कितीतरी स्तोत्रे तोंडपाठ आहेत, पण ही बाई त्यांच्या ओळखीची नाही. आपल्यापेक्षा सर्व बाजूंनी बलाढ्य असलेल्या विरोधकासमोर देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या घरात मुक्कामाला आहे, आणि त्याचे मला पटलेले उत्तर या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात सापडते.

कथा अशी आहे. होलोफर्नेस नावाचा सेनापती १,७०,००० पायदळ आणि १२,००० घोडेस्वार घेऊन बेथुलिया या डोंगरावरच्या लहानशा गावापाशी येऊन ठेपतो. आजूबाजूच्या टोळ्यांचे सरदार त्याला सुचवतात की या लोकांशी लढण्यात माणसे गमावू नका, डोंगराच्या पायथ्याचा झरा तेवढा ताब्यात घ्या. तहानेने ते आपोआप खाली येतील. चौतीस दिवस जातात. टाक्या आटतात, पाणी मापून वाटले जाऊ लागते, बायका आणि तरुण मुले रस्त्यांत चक्कर येऊन पडू लागतात. शेवटी गाव उज्जिया या प्रमुखाच्या दारात जमते आणि म्हणते की मरण्यापेक्षा गुलामी परवडली, गाव त्यांच्या हवाली करा. उज्जिया वाईट माणूस नाही, भित्राही नाही. तो लोकांना सांगतो की आणखी पाच दिवस धीर धरा. तेवढ्यात देवाने मदत केली तर उत्तमच, नाहीतर तुम्ही म्हणता तसे करू.

सोलापूरकराला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. भीमेवरचे उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे आणि तरीही शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत राहिले आहे. पाणी यायच्या दिवशी माणसे लग्नाचे आमंत्रणसुद्धा चुकवतात, घरातली पिंपे, कळशा, पातेली भरून झाली की मगच श्वास सोडतात. पाचव्या दिवशी पिंपाच्या तळाशी जो हात खरवडला जातो, त्या हाताने उज्जियाचा हिशेब लगेच ओळखावा. पाच दिवस म्हणजे माणसाला सोसवेल तेवढे. त्याने आपल्या सोसण्याची मर्यादा मोजली आणि तीच देवाला मुदत म्हणून घालून दिली.

हे युदिथच्या कानावर जाते. तिचा नवरा जाऊन तीन वर्षे आणि चार महिने झालेले आहेत, ती श्रीमंत आहे, देखणी आहे, आणि गावात तिच्याविषयी कोणी वावगा शब्द बोलत नाही. ती आपल्या दासीला पाठवून गावच्या वडीलधाऱ्यांना स्वतःच्या घरी बोलावून घेते, आणि त्यांना जे सुनावते ते वाचताना मला दर वेळी वाटते की हा प्रवचनपीठावरून मोठ्याने वाचण्याचा भाग आहे. आज देवाची परीक्षा पाहणारे तुम्ही कोण, असे ती विचारते. माणसाच्या मनाचा ठाव तुम्हाला लागत नाही, मग ज्याने हे सारे घडवले त्याच्या मनाचा ठाव तुम्ही कसा घेणार? या पाच दिवसांत मदत करायची त्याची इच्छा नसेल, तरी त्याला वाटेल त्या दिवशी आपले रक्षण करण्याचे, किंवा आपला नाश होऊ देण्याचेही, सामर्थ्य त्याच्याकडे आहे. देव माणसासारखा नाही की धमकी दिल्याने नमेल. म्हणून त्याच्याकडून येणाऱ्या तारणाची वाट पाहत त्याचा धावा करू या, आणि त्याला योग्य वाटले तर तो ऐकेल.

यावर उज्जियाचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. तो म्हणतो की तुमचे सगळे खरे, पण लोक तहानेने व्याकूळ झाले होते म्हणून आम्हाला शब्द द्यावा लागला. तुम्ही देवभक्त आहात, तेव्हा आता पावसासाठी प्रार्थना करा म्हणजे आमच्या टाक्या भरतील. मनुष्यस्वभाव तेव्हाही असाच होता. भरवशाविषयी कोणी काही बोलले की आम्ही म्हणतो, ठीक आहे, मग आमच्या वतीने तुम्हीच करा प्रार्थना.

युदिथ पावसासाठी प्रार्थना करीत नाही. ती म्हणते की गाव शत्रूच्या हवाली करण्याची जी मुदत तुम्ही ठरवली आहे, त्या मुदतीच्या आत परमेश्वर माझ्या हातून इस्राएलला सोडवील. मी काय करणार आहे ते मात्र विचारू नका. मुदतीवरून वडीलधाऱ्यांची कानउघाडणी करणारी हीच बाई स्वतः मुदत मान्य करते, याचा उलगडा मला बराच काळ होत नव्हता. आता मला तो असा दिसतो की पाच दिवसांची जी मुदत त्यांनी देवाच्या गळ्यात अडकवली होती, ती तिने काढून स्वतःच्या गळ्यात घातली. देवाने कधी आणि कसे यावे हे ती ठरवत नाही. मी केव्हा उठावे एवढेच ठरवते. त्यानंतर ती जी प्रार्थना करते, तिच्यात म्हटले आहे की देवाचे बळ संख्येवर अवलंबून नाही, तो दीनांचा देव आहे, दुबळ्यांचा आधार आणि निराश झालेल्यांचा तारणहार आहे. प्रार्थना संपल्यावर ती उठते, स्नान करते, दासीच्या पिशवीत भाजलेले धान्य, अंजिराच्या वड्या आणि शुद्ध भाकरी भरते आणि वेशीबाहेर पडते. होलोफर्नेसच्या छावणीत राहूनही ती रोज रात्री प्रार्थनेसाठी बाहेर जाण्याची परवानगी मागून घेते. पहारेकऱ्यांना तिच्या या जाण्यायेण्याची सवय होते, आणि काम फत्ते झाल्यावर ती त्याच वाटेने, पिशवीत होलोफर्नेसचे डोके घेऊन, कोणी न हटकता परत येते.

हे पुस्तक इतिहास म्हणून वाचायचे नसते, हे येथेच सांगून टाकतो. त्यात नबुखद्नेस्सरला निनवेहून राज्य करणारा अश्शूरांचा राजा म्हटले आहे, आणि तो बाबेलचा राजा होता हे शाळकरी मुलालाही सांगता येते; निनवे तर तो गादीवर येण्यापूर्वीच, इ. स. पू. ६१२ मध्ये पडले होते. बहुतेक कॅथलिक अभ्यासक या पुस्तकाकडे बोधकथा म्हणूनच पाहतात. युदिथने वापरलेल्या कपटाचे समर्थन करण्याच्या भानगडीतही मी पडत नाही.

आता आमच्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. माझी धाकटी बहीण विधवा आहे. सात रस्त्याच्या पुढे तिच्या सासऱ्यांनी बांधलेले घर आहे, त्यातल्या दोन खोल्यांत ती मुलाला घेऊन राहते आणि टॉवेलच्या कडा शिवून, डझनाच्या हिशेबाने मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवते. तिच्या नवऱ्याने हयात असतानाच आपला हक्क सोडून दिला होता असे तिच्या मोठ्या दिरांचे म्हणणे आहे, आणि तसे हक्कसोडपत्र त्यांनी न्यायालयात दाखल केले आहे. त्यांच्याकडे पैसा आहे, नामांकित वकील आहेत, कचेऱ्यांतून ओळखी आहेत. बहिणीकडे शिवणयंत्र आणि एक कापडी पिशवी आहे, जिच्यात घरपट्टीच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा आणि नवऱ्याची औषधपाण्याची कागदपत्रे ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते. तारखांवर तारखा पडत गेल्या. एका उन्हाळ्यात घरात बैठक बसली आणि मामा, ज्यांनी आम्हा सर्वांना वाढवले आणि ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे मान आहे, म्हणाले, "पोरी, ईस्टरपर्यंत वाट पाहिलीस, आता दिवाळीपर्यंत पाहू. देवाच्या मनात असेल तर तोवर निकाल लागेल. नाही लागला तर ते देतील ती रक्कम घे आणि सही करून मोकळी हो."

मामांच्या बोलण्यात प्रेम होते, व्यवहारही होता. रक्कम घेऊन सही करण्यात पाप नाही. उद्या तिला तेच शहाणपणाचे वाटले तर मी तिच्या पाठीशी उभा राहीन. माझा आक्षेप एवढाच होता की हिशेब आमच्या थकव्याचा होता आणि त्यावर नाव देवाच्या मर्जीचे घातले जात होते. दिवाळीपर्यंत निकाल न लागणे याचा अर्थ देवाला तिचे म्हणणे मान्य नाही, असा लावायला आम्ही आधीच तयार होऊन बसलो होतो. न्यायालयात खटले किती साचलेले असतात हे सर्वांना ठाऊक असताना, त्या गाठोड्याला देवाचा कौल मानणे मला पटले नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २११९ मध्ये, शब्दाने किंवा कृतीने देवाच्या चांगुलपणाला आणि सामर्थ्याला कसोटीला लावणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, असे स्पष्ट म्हटले आहे. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने येशूला सांगितले तेव्हाचे, तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस, हे प्रभूचे उत्तर त्यामागे आहे. उडी मारणारा आणि मुदत घालणारा या दोघांनाही आपण मोठे श्रद्धावान आहोत असेच वाटत असते.

आमची नगर जिल्ह्यातून आलेली घराणी हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला वर्षानुवर्षे जात आली आहेत, आणि तेथे नवस बोलण्याची रीत आहे. नवसाला माझा विरोध नाही. देवाला दिलेले वचन पाळणे ही चर्चच्या दृष्टीनेही भक्तीच आहे. पण अमुक तारखेपर्यंत काम झाले तर मेणबत्त्या, नाही झाले तर पुन्हा फिरकणार नाही, ही भाषा मी भक्तांच्या रांगेत ऐकलेली आहे, आणि ती बेथुलियाच्या वेशीवर बोलली गेलेली भाषा आहे.

भरवसा ठेवणाऱ्याचा विजय ठरलेलाच आहे असे जे काही प्रवचनकार सांगतात, त्यांनी आमच्या त्या सात पुस्तकांतलेच मक्काबींचे पहिले पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. तिसऱ्या अध्यायात, परक्या राजवटीविरुद्ध उठलेल्या यहुद्यांचा पुढारी यहूदा मक्काबी बेथ-होरोनच्या चढावर शत्रूचा सेनापती सेरोन याच्या सैन्यासमोर उभा असतो. त्याची माणसे म्हणतात की आपण एवढेसे, एवढ्या मोठ्या फौजेशी कसे लढणार, आणि आज तर आपल्या पोटात काहीही नाही. उपाशी पोटाचा तो उल्लेख लिहिणाऱ्याने गाळला नाही, हे मला फार आवडते. यहूदा त्यांना सांगतो की पुष्कळांनी तारायचे की थोडक्यांनी, यात स्वर्गाला फरक पडत नाही. लढाईतले यश सैन्याच्या संख्येवर नसते, बळ स्वर्गातून येते. ते लढतात आणि जिंकतात. पुढे मंदिर शुद्ध होते, वेदी पुन्हा उभी राहते. आणि मग नववा अध्याय येतो. एलासाच्या रणांगणावर शत्रूचा दुसरा सेनापती बाक्खिदेस २०,००० पायदळ आणि २,००० घोडेस्वार घेऊन येतो, यहूदाच्या ३,००० निवडक माणसांपैकी बहुतेक जण ते दृश्य पाहून पळून जातात आणि ८०० उरतात. माणूस तोच, श्रद्धा तीच, देवही तोच. त्या दिवशी यहूदा मारला जातो. हे इ. स. पू. १६० मधले. त्याच्या लोकांच्या मानेवरचे परक्यांचे जोखड उतरले ते भाऊ शिमोनाच्या काळात, इ. स. पू. १४२ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. बेथ-होरोनचा अध्याय ठेवून एलासाचा वगळावा असे चर्चला वाटले नाही. दोन्ही आमच्या पवित्र शास्त्रात आहेत.

याहून अवघड वचन नव्या करारात आहे, आणि मी त्याच्याशी अजून पुरता निपटलेलो नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की येशूने आपल्याला मरणातून तारण्यास जो समर्थ होता त्याच्याकडे मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी प्रार्थना केली, आणि त्याच्या सद्भक्तीमुळे ती ऐकली गेली. ऐकली गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो क्रुसावर होता. गेथशेमाने बागेत त्यानेच पेत्राला बजावले होते की मी पित्याकडे मागितले तर तो या क्षणी देवदूतांच्या बाराहून अधिक पलटणी पाठवील. म्हणजे विरोधकांच्या तलवारी आणि सोटे यांच्यापेक्षा कितीतरी मोठे बळ हाताशी होते, आणि ते मागितले गेले नाही. पित्याने ऐकले ते तिसऱ्या दिवशीच्या पहाटे दिसले, आणि तेही मरण टाळून नव्हे, मरणातून पलीकडे नेऊन. देवाची मदत म्हणजे आपल्यावर येणारा घाव चुकणे, एवढीच व्याख्या ज्याने मनाशी धरली, त्याला शुक्रवारचा अर्थ लागणार नाही. मी हे बहिणीच्या खटल्याशी जोडायला कचरतो, कारण दोन खोल्यांचे घर म्हणजे काल्व्हरी, येशूच्या क्रुसाची टेकडी, नव्हे. तरी रविवारी मिस्साच्या वेळी आम्ही ज्याच्यासमोर गुडघे टेकतो तो हरलेला दिसलेलाच प्रभू आहे, हे विसरून प्रार्थना करता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला संत गोन्सालो गार्सिया वसईचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले गेले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्या दिवशी नागासाकीत कोणाला विचारले असते तर त्याने सांगितले असते की यांचा देव काही मदतीला आला नाही. पुढे तर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरच बंदी आली, धर्मगुरू उरले नाहीत. तरीही मार्च १८६५ मध्ये नागासाकीतल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली आणि त्यांतल्या एका बाईने फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितले की आमचे मन तुमच्यासारखेच आहे, आणि पवित्र मरियेचा पुतळा कोठे आहे ते विचारले. दोनशेहून अधिक वर्षे आईबापांनी मुलांना बाप्तिस्मा देत, प्रार्थना शिकवत ही श्रद्धा लपून जपली होती. बंदी १८७३ मध्ये उठली. कोणती मुदत घातली असती यांनी?

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना, आणि त्या महिन्यात लेपांतोच्या समुद्री लढाईची गोष्ट हमखास निघते: ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ख्रिस्ती आरमाराकडून ऑटोमन तुर्कांच्या आरमाराचा पराभव झाला आणि पोप पाचवे पायस यांनी त्याचे श्रेय मरियामातेच्या मध्यस्थीला, लोकांनी म्हटलेल्या जपमाळेला दिले. जपमाळ मी रोज करतो, पण ही गोष्ट आमच्या वस्तीतल्या मुलांना मी 'आपला विजय' म्हणून सांगत नाही. शेजारी मुसलमान कुटुंबे आहेत आणि त्यांची पोरे आमच्या पोरांबरोबर अभ्यासाला बसतात, हे एक कारण. दुसरे असे की देव आमच्या बाजूला आहे हे वाक्य फार लवकर गोड लागते. जुन्या करारात यरीहो शहराजवळ इस्राएलचा पुढारी यहोशवा याला नंगी तलवार घेतलेला एक पुरुष दिसला तेव्हा त्याने विचारले, तू आमच्याकडचा की आमच्या शत्रूंकडचा? उत्तर आले, नाही, मी परमेश्वराच्या सैन्याचा सरदार म्हणून आलो आहे. आणि यहोशवाने जमिनीवर डोके टेकले.

हे उत्तर आम्हाला फार टोचते, कारण बहिणीचे दीर आमच्याच चर्चमध्ये येतात. ते आमच्यापुढे तीन बाके सोडून बसतात, त्याच रांगेतून ख्रिस्तप्रसाद घेतात, आणि आपल्या वडिलांनी उपासमारीत बांधलेले घर फुटू नये म्हणून तेही प्रार्थना करत असतील, हे मला नाकारता येत नाही. बहिणीला मी एकदा विचारले होते की तू त्यांच्याविषयी देवाजवळ काय मागतेस. ती म्हणाली, "दादा, सुरुवातीला काय मागायचे ते सांगत नाही. आता एवढेच मागते की त्यांनी खरे बोलावे." न्याय मागणे आणि दुसऱ्याचे वाटोळे मागणे या दोहोंतली रेषा तिने स्वतःच ओढली, फादरांनी तिला त्यावर प्रवचन दिलेले नाही.

दिवाळीची मुदत तिने देवाला घातली नाही. तिने ती स्वतःला घातली: नवऱ्याला दवाखान्यात दाखल केल्याच्या दिवसांची जुनी नोंद दिवाळीपूर्वी मिळवायची, कारण तिच्या आठवणीप्रमाणे हक्कसोडपत्रावरची तारीख त्याच आठवड्यातली आहे. शिवणकाम लवकर आटोपून ती खेपा घालत राहिली, अर्ज पुन्हा पुन्हा लिहिले, आणि प्रमाणित नक्कल हातात आली तेव्हा ती तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवली. वकिलांनी ती दाखल केली आहे. निकाल अजून नाही. राजा यहोशाफाटाने मवाब आणि अम्मोनच्या फौजा चालून आल्यावर केलेली प्रार्थना तिच्या शिवणयंत्राच्या फळीवर चिकटवलेली आहे, आणि ती इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात असल्यामुळे शेजारच्या काकूंच्याही ओळखीची आहे: या मोठ्या समुदायासमोर आम्हाला बळ नाही, काय करावे ते आम्हाला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत.

मामांनी आता तारीख विचारणे सोडले आहे. मागच्या महिन्यात त्यांनी वेगळाच प्रश्न काढला, आणि तो रास्त होता. "निकाल विरुद्ध गेला तर काय करशील?"

"अपील करीन, मामा," ती म्हणाली, "आणि अपिलाला पैसे जमले नाहीत तर भाड्याची खोली बघीन. प्रार्थना दोन्हीकडे हीच चालते. तुमच्या ओळखीत स्टेशनजवळ कोणाची खोली रिकामी असेल तर विचारून ठेवा."

मामांनी डायरी काढून दोन नावे लिहून घेतली.